गेटवरच्या त्या चौकोनाबद्दल : सांगली जिल्ह्यातल्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
कुपवाड, मिरज, पलूस आणि जिल्ह्यातल्या इतर औद्योगिक वसाहतींमधले कारखानदार, त्यांचे एचआर मॅनेजर आणि लेबर ठेकेदार

सप्रेम नमस्कार.

हे पत्र नोकरीच्या फॉर्मवरच्या ‘आपणावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?’ या प्रश्नापुढच्या चौकोनाबद्दल आहे. मी टर्नर आहे. आयटीआय झालेला, लेथवर सोळा वर्षं उभा राहिलेला. आणि मी शिक्षा भोगून आलेला माणूस आहे. दोन्ही एकदमच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘यानं काहीतरी लपवलंय’ अशी शंका तुमच्या मनात नको.

२०१२ च्या मे महिन्यात बांधावरून भांडण झालं. आपल्याकडे बांध म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या कित्येकांच्या सातबाऱ्यामागं एखादा दावा चालू असेलच. चुलतभावानं, त्याला आम्ही आण्णा म्हणतो, नांगरटीत हातभर बांध कोरला असं मला वाटलं. मी तेवीस वर्षांचा. हातात खोरं होतं. त्याचा दांडा मी आण्णाच्या डोक्यात घातला. सात टाके पडले. रक्त बघितल्यावर मीच त्याला मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं, पण म्हणून मारलेलं न मारलेलं होत नाही. कलम ३२४ लागलं, म्हणजे हत्यारानं दुखापत केल्याचं. कोर्टात गुन्हा कबूल केला, एक वर्षाची शिक्षा झाली, ती आधी सांगलीच्या आणि मग कोल्हापुरातल्या कळंब्याच्या जेलात काढली. २०१६ च्या जानेवारीत बाहेर आलो. मी निर्दोष होतो असं तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. निर्दोष माणसांची बाजू मांडायला वकील मिळतात. हे पत्र दोषी माणसाचं आहे.

पत्र लिहायची वेळ यंदाच्या जूनमध्ये आली. २०१८ पासून मी एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होतो. कारखान्याचं नाव घेत नाही, ठेकेदाराचंही नाही, कारण हा प्रश्न एका गेटचा नाही. सात वर्षांत एक दिवस गेटवर अडवलं नाही, एक मेमो नाही. दिवाळीच्या बोनसला सही केली ती टर्नर म्हणून. मग एका सकाळी ठेकेदाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला : सर्वांनी पंधरा दिवसांत पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा आणि त्याचा फोटो याच ग्रुपवर टाकावा. ज्याच्यावर कधीही, कोणताही गुन्हा दाखल झालेला असेल त्याचा गेट पास रिन्यू होणार नाही.

ग्रुपवर चौऱ्याऐंशी माणसं आहेत. त्यात माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडीलही आहेत. माझा दाखला मी तिथं टाकला नाही, ठेकेदाराच्या हातात नेऊन दिला. त्यावर गुन्हा नंबर आणि कलम होतं. शिक्षा भोगून झाली, त्यालाही इतकी वर्षं झाली, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं.

आम्ही पाच जण गळालो. बाकीच्या चौघांचं सांगतो, कारण ‘क्रिमिनल रेकॉर्ड’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जो चेहरा येतो तो यांच्यातल्या एकाचाही नाही.

कॅन्टीनमधल्या एक ताई. भावजयीनं घातलेल्या ४९८ अ मध्ये, म्हणजे सासरच्या छळाच्या केसमध्ये, नणंद म्हणून नाव आलं होतं. तडजोड झाली, केस मिटली, ती भावजय आज त्यांच्याच घरी नांदते. दुसरा फिटर. उसाच्या दरासाठी रस्ता रोको झाला त्यात हा पकडला गेला. आपल्या भागात उसाच्या आंदोलनात ज्या घरातल्या कुणाचंच नाव आलेलं नाही असं घर शोधायला दिवस घालवावा लागेल. अशा आंदोलनांमधले खटले मागं घेण्याचे निर्णय सरकार स्वतःच वेळोवेळी काढतं. पण सरकारनं सोडलं तरी ठेकेदार सोडत नाही. तिसरा हेल्पर, सोळाव्या वर्षी मोबाइलच्या चोरीत सापडलेला. त्याच्यासाठी तर २०१५ चा बाल न्याय कायदाच आहे. त्याच्या कलम २४ नुसार अशा मुलाला पुढं कुठलीही अपात्रता चिकटत नाही आणि त्याचं रेकॉर्ड ठरल्या मुदतीनंतर नष्ट करायचं असतं. कायद्यानं पुसायला सांगितलेली गोष्ट ठेकेदारानं ‘कधीही’ या एका शब्दानं परत उकरली. पोरगं खोटं बोलेना, म्हणून कामावरून गेलं.

चौथ्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तो पारधी वस्तीवरचा. त्याच्यावर एकही गुन्हा नाही. तो दाखला काढायला गेलाच नाही. मी म्हटलं, ‘अरे, तुझ्यावर काहीच नाही, जाऊन ये की.’ तो म्हणाला, ‘तुम्ही जावा. आम्ही ठाण्यात आपल्या पायानं जात न्हाई.’ १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला. त्या पोराच्या पंजोबापासूनची भीती मात्र त्या तारखेला गेली नाही. तुमच्या एका मेसेजनं त्याला घरी बसवलं, आणि तुमच्या वहीत बहुतेक ‘कागदपत्रे सादर केली नाहीत’ एवढंच लिहिलं गेलं असेल.

आता त्या चौकोनाबद्दल.

काम गेल्यावर मी तीन ठिकाणी अर्ज केला. दोन ठिकाणी गेटवरच फॉर्म हातात दिला आणि गेटवरच परत घेतला. तिसऱ्या ठिकाणी आधी ट्रेड टेस्ट झाली. चाळीसचा रॉड दिला, पंपाचा शाफ्ट काढायचा, बत्तीसवर, दोन शतांश मिलिमीटरच्या आत. मशीन जुनं होतं, क्रॉस स्लाइडला थोडा लॉस्ट मोशन होता, म्हणजे चाक फिरवलं तरी टूल लगेच हलत नव्हतं, त्याचा अंदाज घ्यायला पहिला कट वाया घालवला. मग जॉब काढला. सुपरवायझरनं तीन ठिकाणी मायक्रोमीटर लावला, काही बोलला नाही. शाफ्ट शेजारी उभ्या असलेल्या अप्रेंटिसच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘बघ, फिनिश असं यायला पाहिजे.’ टर्नरला याहून मोठी पदवी नसते.

तिथून वर ऑफिसात. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, पीएफ नंबर, रक्तगट, आणि अकराव्या ओळीला : ‘आपणावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? होय / नाही’. पुढं दोन चौकोन. मी ‘होय’ वर खूण केली. खाली काही लिहायला जागा नव्हती, म्हणून कागद उलटा करून मागच्या बाजूला आठ ओळी लिहिल्या. मॅडमनी वाचल्या. चांगल्या बाई होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘कशाला लिहिलंत हो? ‘नाही’ वर टिक करायची होती. आता मला तुमचा फॉर्म पुढं पाठवताच येत नाही.’

कारखानदार साहेब, तुमच्या पॉलिसीचं अख्खं फलित त्या एका वाक्यात आहे. जो खोटं बोलतो तो आत, जो खरं बोलतो तो बाहेर. तुम्हाला विश्वासू माणूस हवा म्हणून तुम्ही तो चौकोन छापलात, आणि तो गाळतो नेमका विश्वासू माणसाला.

दुसऱ्या दिवशी आण्णा माझ्याबरोबर आला. मी नको म्हणत होतो. सिक्युरिटीच्या खिडकीत डोकं वाकवून, केस बाजूला करून त्यानं टाक्यांचा वण दाखवला आणि म्हणाला, ‘ज्याचं डोकं फुटलं तो मी. माझी काय तक्रार न्हाई. तुमची काय हाय?’ त्यानं लिहून आणलेलं पत्र सिक्युरिटीवाल्यानं घेतलं नाही, तशी पद्धत नाही म्हणाला. तो बांध आज आम्ही दोघं मिळून सांभाळतो, आण्णाच्या द्राक्षबागेचं ठिबक मीच दुरुस्त करतो.

तुमच्या बाजूनं काय म्हटलं जातं ते मला माहीत आहे, ठेकेदारानं मला ऐकवलंय. ‘मोठ्या कस्टमरचं ऑडिट असतं, ते बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन विचारतात.’ विचारत असतील. मग ऑडिटरला दाखवण्यासारखं नीट धोरण लिहा. ‘कधीही, कोणताही’ हे धोरण नव्हे, धोरण न लिहिण्याचा कंटाळा आहे. ‘उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न रास्त आहे. लहान मुलांवरच्या अत्याचारात शिक्षा झालेला माणूस शाळेच्या बसवर नको, हे मी तुमच्याआधी म्हणेन. अपहाराची ताजी शिक्षा भोगून आलेल्याकडे पहिल्या दिवशी स्टोअरची किल्ली देऊ नका. पण बारा-तेरा वर्षांपूर्वी बांधावर केलेली मारामारी आणि लेथवरचा शाफ्ट यांचा संबंध काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. रागीट आहे म्हणाल, तर सात वर्षांची हजेरी आणि सुपरवायझर तुमच्याकडेच आहेत, त्यांना विचारा.

आणि दाखल झालेला गुन्हा म्हणजे शिक्षा नव्हे, एवढं तरी वेगळं करा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांमधल्या दर चौघांतले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचाय असे. निकालाआधीच तुम्ही निकाल देऊन टाकता.

कोर्टानं काय म्हटलंय तेही मांडतो. २०११ साली दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तरुण वयात हातून चुका होतात, त्यापायी माणसाला जन्मभर गुन्हेगार म्हणून डागू नये. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी पुढं जाऊन सांगितलं की माहिती लपवली म्हणूनसुद्धा सरसकट काढू नका, गुन्हा किरकोळ की गंभीर, पद कोणतं, हे बघून ठरवा. खरं सांगितलं तर नोकरी दिलीच पाहिजे, असं मात्र कोर्ट म्हणत नाही. हे माझ्या विरोधात जातं, तरी लिहितो. शिवाय हे निकाल सरकारी नोकरीतले, खाजगी गेटला ते थेट लागत नाहीत, हेही खरं. म्हणून तर तुम्हाला पत्र लिहितोय, कोर्टात गेलो नाही.

एक गंमत बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर माणूस निवडणुकीला अपात्र ठरतो, आणि सुटल्यानंतर सहा वर्षांनी ती अपात्रताही संपते. माझी शिक्षा एक वर्षाची. म्हणजे मी उद्या आमदारकीला उभा राहू शकतो. निवडून आलो तर तुमच्या नव्या शेडचं उद्‌घाटन करायला मलाच बोलवाल. त्याच शेडमध्ये हेल्पर म्हणून मात्र मी चालत नाही.

बाहेरच्या देशांत यावर बराच विचार झालाय. अमेरिकेतल्या हवाई राज्यानं १९९८ मध्येच कायदा केला की नोकरी द्यायची असं तात्पुरतं ठरेपर्यंत मालकानं जुन्या शिक्षेबद्दल विचारायचं नाही. पुढं तिथं या चळवळीला नावच ‘बॉक्स काढा’ असं पडलं, म्हणजे फॉर्मवरचा हाच चौकोन. इंग्लंडात १९७४ च्या कायद्यानं लहान शिक्षा ठरावीक वर्षांनी जुनी झाली असं मानतात, मग बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगावीच लागत नाही. आपल्याकडे १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या माणसाला शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागू नये अशी तरतूद आहे. मी मात्र जेलात गेलो, त्यामुळं मला ती नाही.

पण परदेशाचे दाखले कशाला, हे आधी आपल्याच मातीत झालंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड (आजच्या किर्लोस्करवाडी) स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा केला. जागा औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी दिली. निवडुंग तोडून वसवलेल्या त्या वसाहतीत रात्रीची राखण लक्ष्मणरावांनी दरोड्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर सोपवली. त्यांनी ट्रेड टेस्ट उलटी घेतली म्हणायची, आधी विश्वास टाकला आणि मग काम बघितलं. (मला नाकारणारं गेट किर्लोस्करांचं नव्हे, हेही सांगून ठेवतो.) पुढं त्याच औंध संस्थानानं १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही. कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात. त्यावरून व्ही. शांतारामांना १९५७ च्या ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटाची कल्पना मिळाली, तो तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी बघितला असेलच, डोळेही पुसले असतील. कुपवाडहून आटपाडी काही लांब नाही. एखाद्या रविवारी जाऊन या.

आणि कळंबा. कळंब्याच्या जेलमधल्या कैद्यांच्या हातचे लाडू काही वर्षं अंबाबाईचा प्रसाद म्हणून वाटले जात होते. तुम्हीही घरी नेले असतील. त्या हातांचा प्रसाद चालतो, त्यांनी धरलेला स्पॅनर चालत नाही?

वसंतदादांचं नाव घेतल्याशिवाय सांगलीत जेलचा विषय संपत नाही. २४ जुलै १९४३ ला दादांनी सांगलीचा तुरुंग फोडला, खांद्यात गोळी लागली, बरोबरचे दोघे मारले गेले. १९७७ साली तेच दादा मुख्यमंत्री झाले. दादांची आणि माझी बरोबरी नाही, ते देशासाठी आत गेले, मी हातभर बांधासाठी. हा फरक तुम्हाला कळतो, मलाही कळतो. तुमच्या फॉर्मवरच्या चौकोनाला तो कळत नाही. दादांनाही तिथं ‘होय’ वरच खूण करावी लागली असती.

मागण्या लिहून देतो, म्हणजे नक्की काय हवंय असं विचारायला नको.

अर्जावरचा तो चौकोन काढा. विचारायचं असेल तर ट्रेड टेस्ट आणि मुलाखत झाल्यावर, नेमणुकीचं पत्र देण्याआधी विचारा.

विचाराल तेव्हा शिक्षा झाली का एवढंच विचारा. निर्दोष सुटलेले, मिटलेले, मागं घेतलेले खटले आणि अठराच्या आतलं काहीही विचारू नका.

शिक्षा झालेली असेल तर तीन गोष्टी कागदावर लिहून मग ठरवा : गुन्ह्याचा या कामाशी संबंध काय, तेव्हा माणसाचं वय काय होतं, आणि त्याला किती वर्षं झाली. किती वर्षांनंतर शिक्षा बघायचीच नाही हे तुम्हीच ठरवा, पण आकडा जाहीर करा.

नाकारलंत तर लेखी कारण द्या, आणि उत्तर द्यायला पंधरा दिवस.

दाखले व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागू नका. ज्यांनी टाकलेत त्यांचे फोटो आजच्या आज काढायला सांगा. कामगाराचा कागद बघायचा तो एका माणसानं, आणि कुलपात ठेवायचा. ठेकेदार असं करत नसेल तर मूळ मालकानं करायला लावावं. ‘तो ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही’ हे वाक्य गेट पासवर तुमच्या कंपनीचा शिक्का असताना शोभत नाही.

आणि आमच्या पाच जणांचे गेट पास. माझ्या एकट्याचा दिलात तर मी घेणार नाही असं म्हणायला मी काही पुढारी नाही, घेईन. घरी बायको तासगावच्या बेदाणा शेडमध्ये निवडणीला जाते म्हणून चूल पेटते, आणि मी सध्या रस्त्याकडेला उसाच्या ट्रॉल्यांना वेल्डिंग मारतो. पण त्या पारधी पोराचा पास आधी द्या. त्याच्यावर काहीच नव्हतं.

ज्या कारखान्यात माझी ट्रेड टेस्ट झाली तिथल्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर तो बत्तीसचा शाफ्ट राहिला आहे, किंवा एव्हाना कुठल्या तरी पंपात बसून पाणी उपसत असेल. महिन्याभरानं मी त्याच गेटवर पुन्हा अर्ज घेऊन येणार आहे. अकराव्या ओळीला ‘होय’ च लिहीन. या वेळी मागच्या बाजूला लिहायला लागू नये म्हणून हे पत्र सोबत जोडतो.

आपला,
एक टर्नर, पलूस तालुका